चहाच्या सुट्टीतली फुसफुस

सांगलीत कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. लाईट बिल आलं की मालक आधी मला बोलवणार आणि मी कॉम्प्रेसरकडे, म्हणजे मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवणार, हे ठरलेलंच. भिंतीवर 'वीज वाचवा'चे स्टिकर होते म्हणा, पण एकावर कुणीतरी पेनाने मोबाईल नंबर लिहून ठेवला होता, म्हणजे वाचतं कोण ते कळलंच.

हवेचं लीकेज दिसत नाही हीच खरी गोची. नळ गळला तर दहा जण ओरडतील, पण हवा फुकटच वाटते ना. ७ बार दाबाच्या हवेच्या लाईनला ३ मिमीचं भोक असलं की कॉम्प्रेसर त्याच्यासाठी साधारण ३ किलोवॅट जाळत बसतो, आणि लक्ष नसलेल्या कारखान्यात २० ते ३० टक्के हवा अशीच जाते. हे आकडे मी मीटिंगमध्ये सांगून झालेलो, सगळे माना डोलवून गेले.

मग एक दिवस चहाच्या सुट्टीत मशीन, एक्झॉस्ट फॅन, रेडिओ सगळं बंद करायला लावलं, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि म्हटलं दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. चारी बाजूंनी हिस्सऽऽ. लेथवरचे काका म्हणाले, "आयला, हे माझ्याच कोपऱ्यातनं येतंय की!" साबणाचं पाणी घेऊन स्वतःच गेले, त्यांच्या एअर गनच्या होस क्लिपवर हा एवढा फुगा. मग काय, पोरं दुसऱ्याच्या मशीनचं लीकेज शोधायला पळाली, चहा गार झाला तरी कुणाला पत्ता नाही.

तेव्हापासून ज्याला लीकेज सापडेल त्याने पिवळ्या टॅगवर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, कारण स्वतः नाव लिहिलं की माणूस पाठपुरावा करतो. हवेच्या लाईनचा व्हॉल्व्ह वर छतापाशी होता, शिडी लावून कोण बंद करणार? तो खाली, पंचिंग मशीनच्या वाटेवर आणला, आता जाता जाता हात जातो.

बोर्डावर मशीनच्या लाईनवार लीकेजही लिहायला लागलो, तर सगळ्यात चांगली सीएनसी लाईनच (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) ढिली पडली, आपण पुढे आहोत म्हटल्यावर कोण कशाला बघतंय! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसला घरांच्या विजेवर असाच प्रयोग झालाय, २००७ साली छापून आला. शेजाऱ्यांची सरासरी दाखवली तर जास्त वापरणारे खाली आले पण कमी वापरणारे वर गेले, आणि आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला की ते वर जाणं थांबलं. म्हणून आम्हीपण चेहरा काढायला लागलो. काकांची लाईन पुढे आली तेव्हा ते म्हणाले, "मला काय बालवाडीत घातलंय का?"

पुढे एका सोमवारी सुपरवायझर चेहरा काढायला विसरला, तर सकाळी पहिला फोन काकांचाच.