स्पीड सेन्सर तपासायचा तर गाडी तापलेली असताना : माझा अनुभव

आमची गाडी जुनी, पेट्रोलवरची, हातानं गिअर टाकायची. मे महिन्यात दारव्ह्याहून यवतमाळला निघालो की सुरुवातीला सगळं सुरळीत. बरंच अंतर गेलं की स्पीडोमीटरचा काटा साठावरून धाडकन शून्यावर यायचा, मग मनात आलं तर परत चढायचा. पुढे किलोमीटर मोजणारा ओडोमीटर थांबू लागला, पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागू लागला आणि गतिरोधकापाशी क्लच दाबला की इंजिनच बंद पडू लागलं.

वेगवेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच. गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर वेग सांगतो, तो काट्याला जातो तसा इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, आणि स्टिअरिंगच्या कंट्रोलरलाही जातो. इंजिन बराच वेळ जोरात फिरतंय आणि वेग मात्र शून्य, हे कंट्रोलरला पटत नाही, म्हणून दिवा. गाडी थांबत आली हे ईसीयूला वेळेत कळत नाही, म्हणून आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन मंद चालू ठेवणं, सांभाळलं जात नाही.

गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा, मोबाईलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर लावला, तर कोड निघाला पी०५००. कोड म्हणजे निकाल नव्हे. तो एवढंच सांगतो, की वेगाचा सिग्नल नीट येत नाही. दोष सेन्सरचा, वायरचा की कनेक्टरचा, ते आपणच शोधायचं. खरा उपयोग लाइव्ह डेटाचा, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांचा झाला. काटा पडला त्याच क्षणी स्कॅनरवरचा वेगही शून्य झाला. मीटर बिघडलं असतं तर स्कॅनरनं बरोबर वेग दाखवला असता.

तरी गावातल्या गॅरेजवाल्या पोराचं एकच, "भाऊ, मीटर गेलं तुमचं. सेन्सर तं मी सकाळीच पायला, चांगला हाये."

"सकाळी गाडी थंडी होती बाप्पा. तापू दे, मंग पाय."

शेतातल्या मोटरच्या स्टार्टरपायी मल्टिमीटर आमच्याकडे असतोच. आमचा सेन्सर तीन वायरींचा, म्हणजे हॉल इफेक्टचा, फिरताना सिग्नल चालू-बंद करणारा. कनेक्टर काढून इग्निशन ऑन केलं. एका वायरवर बॅटरीइतका व्होल्टेज, एक पक्की अर्थिंगची, तिसऱ्या सिग्नलच्या वायरवर ईसीयूकडून येणारे पाच व्होल्ट. वायरिंग ठीक. उंदरानं कुरतडलंय का तेही पाहिलं, कारण आमच्याकडे सरकीचं पोतं आणि गाडी एकाच टिनाखाली असतात.

मग दूरवर चक्कर मारून गाडी तापवली. आल्याबरोबर हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक जॅकवर उचललं आणि गिअर न्यूट्रलला. कनेक्टर परत लावून त्याच्या मागून सिग्नलच्या वायरला टाचणी टोचली. पोरगा चाक हळूहळू फिरवत होता. मल्टिमीटर पाच आणि शून्य असं खालीवर व्हायला हवं, ते पाचावरच ठाण मांडून बसलं. सेन्सरवर ओलं फडकं गुंडाळलं, जरा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा चाक फिरवलं. पाच, शून्य, पाच, शून्य! पोरगा चाक सोडून मीटर पाहायला आला. दोन वायरींचा चुंबकी सेन्सर असेल तर ही युक्ती चालत नाही, इतक्या कमी वेगात तो दिसण्याजोगा सिग्नल देत नाही.

जुन्या सेन्सरवरचा नंबर दाखवून नवा मागवला. बदलायला एअर फिल्टरचा डबा काढावा लागला. सेन्सरभोवतीचा चिखल आधी ब्रशनं साफ केला, नाहीतर माती सरळ गिअरबॉक्समध्ये. दहाच्या पान्याचा एक बोल्ट निघाला, पण रबरी ओ-रिंग चिकटून बसली होती. पोरानं पेचकस घुसवायला घेतला, तो मी काढून घेतला. प्लॅस्टिक तुटून आत पडलं तर गिअरबॉक्स उतरवायची पाळी. सेन्सर डावीकडे-उजवीकडे फिरवत ओढला की येतो. खालच्या छोट्या प्लॅस्टिक गिअरचे दाते नव्याशी मोजून घ्या, एका दात्याचा फरक असला तरी काटा कायम खोटं बोलेल. नव्या ओ-रिंगला गिअर ऑइल लावून बसवला आणि कोड पुसला.

एक लक्षात घ्या, बऱ्याच नव्या गाड्यांत हा सेन्सर नसतोच, वेग एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चाकांवरच्या सेन्सरकडून घेतात. आणि ऑटोमॅटिक गाडीत पी०७१५ किंवा पी०७२० आला तर ते गिअरबॉक्सचे इनपुट-आउटपुट सेन्सर, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे. काहींत ते आतच असतात, ऑइल उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. ते काम घरी करू नये.

भर दुपारी यवतमाळला जाऊन आलो. काटा मोबाईलच्या जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवतो, पण बहुतेक गाड्यांत तसं ठेवलेलं असतं. मधल्या काळातले किलोमीटर मात्र ओडोमीटरवर चढलेच नाहीत, म्हणून इंजिन ऑइल कधी बदलायचं ते पेट्रोलच्या पावत्यांवरून काढलं.