आमची वाटचाल : एडिट मालवणात, रंग आणि आवाज मुंबईत

मालवणात आमचा एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, दशावतार, पर्यटनाच्या फिल्म्स हे सगळं आम्ही करतो, पण आज आमचं घर चालतं ते एका वेगळ्याच कामावर. एडिट पूर्ण झालेली फिल्म मुंबईच्या कलरिस्टकडे (फिल्मचे रंग सुधारणाऱ्याकडे) आणि साऊंडवाल्याकडे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडेल अशी तयार करून पाठवायची. गावात कुणी विचारलं तर मी अजूनही ‘व्हिडिओचं काम’ एवढंच सांगतो. पुढचं समजावायला बसलो तर समोरच्याचा चहा थंड होतो.

सुरुवात लग्नांपासूनच झाली. तेव्हा मिनी डीव्हीच्या टेप होत्या. चैत्र-वैशाखात मुहूर्त एकमेकांना खेटून यायचे, गणपतीत चाकरमान्यांच्या घरी आरत्या आणि भजनं शूट करायची, आणि दिवाळीनंतर दशावताराचे प्रयोग सुरू झाले की रात्री तिकडे. प्रत्येक टेपवर नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची आणि फायरवायरने कॉम्प्युटरवर घ्यायची. टेपवर टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंदाचा पत्ता, असायचाच, त्यामुळे कोणता शॉट कुठल्या टेपवर कितव्या सेकंदाला आहे हे कॉम्प्युटर बंद असला तरी वहीवरून सांगता यायचं. ही वही बायकोने सुरू केली. आजही स्टुडिओतली सगळी नोंदणी तिच्याच हातात आहे आणि तिच्या परवानगीशिवाय कुठलंही कार्ड फॉरमॅट होत नाही.

2008 मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि दोन-तीन वर्षांत आमच्याकडची गिऱ्हाइकंही ‘मागचं ब्लर पाहिजे’ म्हणू लागली. टेप गेल्या, कार्डं आली. चित्र सुंदर, पण त्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये टाइमकोडच नव्हता. तो 2012 च्या मार्क थ्रीमध्ये आला. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांत नवं कार्ड टाकलं की फाइलचे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दोन कॅमेरे आणि चार कार्डं असली की एकाच नावाच्या पाच-सहा फाइल सहज जमतात. लग्नाच्या व्हिडिओत याने काही बिघडत नाही, कारण काम आपल्याच मशीनवर सुरू होतं आणि तिथेच संपतं. एडिट बाहेर पाठवायची वेळ आली की मग याची किंमत कळते, कारण पलीकडचं सॉफ्टवेअर शॉट शोधतं ते नाव आणि टाइमकोड बघूनच.

मध्येच 2011 चा जून आला. आम्ही फायनल कट प्रो 7 या एडिटिंग सॉफ्टवेअरवर होतो आणि ॲपलने फायनल कट प्रो टेन आणलं. त्यात जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते, आणि सुरुवातीला ईडीएल, एक्सएमएल, ओएमएफ (एडिट दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे नेणाऱ्या फाइल) यातलं काहीच बाहेर काढता येत नव्हतं. एक्सएमएल सप्टेंबरच्या अपडेटमध्ये आलं. माझी चिडचिड बघून वडील म्हणाले, “मगे आता काय करतलस?” आम्ही थोडे दिवस सातवरच काढले आणि मग अडोबीच्या प्रीमिअरवर गेलो. गंमत म्हणजे ॲपलने ज्या फायनल कट 7 ला रजा दिली, त्याची एक्सएमएल भाषा अजून जिवंत आहे. प्रीमिअर आजही तेच एक्सएमएल लिहितं आणि वाचतं. फायनल कट टेनचं एक्सएमएल वेगळं, ते प्रीमिअरला थेट वाचता येत नाही. ‘आमच्याकडे एक्सएमएल आहे’ एवढं ऐकून कामाचा होकार देऊ नये, कुठलं ते आधी विचारावं.

आमचं वळण आलं ते तारकर्लीच्या पाण्यामुळे. इथे स्कूबा वाढलं तसं पाण्याखालचं शूटिंगही वाढलं. पाणी पहिल्या काही मीटरमध्येच प्रकाशातला लाल रंग खाऊन टाकतं, त्यामुळे खाली काढलेलं सगळं हिरवट-निळं दिसतं. ते सुधारायला जाणता कलरिस्ट लागतो आणि तो बसतो मुंबईत, दाविंची रिझॉल्व्ह या रंगाच्या सॉफ्टवेअरवर. अशाच एका माहितीपटाचं एडिट आमच्याकडे होतं. निर्मात्यांनी सांगितलं, “कट लॉक झाला की टर्नओव्हर द्या.” म्हणजे एडिट पक्कं ठरलं की रंग आणि आवाजासाठी पुढे पाठवायचं सगळं तयार करून द्या.

पूर्ण फिल्म एकच फाइल करून दिली तर काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. रिझॉल्व्ह अशा फाइलचे कट शोधून तुकडेही करतं. पण दोन शॉट एकमेकांत विरघळतात तिथे दोन्हींची चित्रं मिसळून गेलेली असतात, एकाचा रंग दुसऱ्याला धक्का न लावता बदलता येत नाही. शॉट चार फ्रेम लांबवायचा झाला तर पुढे काही शिल्लक नसतं. आणि कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये रंगाची जी माहिती होती ती एक्सपोर्टमध्ये आधीच थोडी कमी झालेली असते. पाण्याखालच्या शॉटमध्ये उरलासुरला लाल शोधून वर काढायचा असतो, तिथे ही कपात परवडत नाही.

म्हणून फिल्म न पाठवता फिल्मची यादी पाठवायची. चतुर्थीच्या बाजाराला घरून यादी जाते, सामान दुकानातच असतं, तसं. सगळ्यात जुनी आणि साधी यादी म्हणजे ईडीएल. सीएमएक्स 3600 नावाच्या टेपच्या जमान्यातल्या पद्धतीची ती निव्वळ टेक्स्ट फाइल असते. एका ओळीत अनुक्रमांक, रीलचं (टेपचं किंवा कार्डाचं) नाव, कट की डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणं), आणि चार टाइमकोड : मूळ फुटेजमध्ये शॉट कुठून कुठपर्यंत, आणि फिल्ममध्ये कुठून कुठपर्यंत. चित्राचा ट्रॅक एकच, रीलच्या नावाला आठ अक्षरं, ओळी जास्तीत जास्त 999. नवी मुलं हसतात, पण दुसरं काहीच उघडलं नाही तर मी ईडीएलच उघडतो. ती डोळ्यांनी वाचता येते आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते दिसतं. एक्सएमएलमध्ये अनेक ट्रॅक, शॉटचा आकार, जागा, साधा बदललेला वेग असं बरंच जातं. एएएफ ही तशीच आणखी एक यादी, मुख्यतः ॲव्हिड या एडिटिंग सॉफ्टवेअरची आणि आवाजवाल्यांची भाषा.

आमची खरी मेहनत जातं त्यापेक्षा जात नाही त्यावर होते. शॉट स्थिर करणारा इफेक्ट जात नाही. बाहेरून घेतलेले प्लगइन जात नाहीत. टायटल जात नाहीत. सावकाश-जलद होत जाणारा वेग पलीकडे बऱ्याचदा वेडावाकडा उतरतो. एका सिक्वेन्सच्या (एडिटच्या टाइमलाइनच्या) पोटात दुसरा ठेवला असेल तर पलीकडे काय निघेल याचा नेम नाही. म्हणून लॉक झालेल्या सिक्वेन्सची आम्ही आधी कॉपी करतो आणि ती साफ करतो. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांची एकत्र बांधलेली क्लिप, फ्लॅट करून निवडलेलाच शॉट ठेवायचा, पोटातले सिक्वेन्स उघडायचे, वर चढवलेले शॉट जमतील तेवढे खालच्या ट्रॅकवर आणायचे, बंद करून ठेवलेल्या क्लिप काढायच्या. स्थिर केलेले शॉट वेगळे रेंडर करून द्यायचे, टायटल वेगळ्या ट्रॅकवर ठेवायची. जे पलीकडे हाताने पुन्हा करावं लागणार आहे त्याचा टाइमकोडसह एक कागद सोबत जातो. या कागदाचे पैसे कुणी देत नाही, पण कलरिस्ट पुन्हा फोन करतात ते त्याच्यामुळेच, असं माझं मत आहे.

कसोटी लागते ती दशावताराला. रात्रभर चालणारा प्रयोग, संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे रचत जातो, त्यामुळे कुठलाही कॅमेरा बंद करता येत नाही. एका मंडळाने स्वतः शूट केलेलं फुटेज आमच्याकडे आणलं, त्यात दोन कॅमेरे सेकंदाला 25 फ्रेमचे आणि तिसरा कुणाचातरी मोबाइल. मोबाइल तीस फ्रेम म्हणतो, पण अंधार-उजेड बघून गती कमीजास्त करत राहतो. प्रीमिअरमध्ये सगळं ठीक दिसतं. रिझॉल्व्हमध्ये उघडलं की मोबाइलचे शॉट चार-पाच फ्रेम पुढेमागे, राजा तलवार उपसायच्या आधीच राक्षस पडलेला. आता असं फुटेज दारात आलं की एडिटला हात लावण्याआधीच ते ठरावीक 25 फ्रेमच्या प्रोरेसमध्ये (ॲपलच्या एडिटिंगच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) बदलून घेतो, आणि प्रत्येक फाइलच्या नावाआधी तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा नंबर येतो. नावं रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही. मायमराठीचा अभिमान आहेच, पण फाइलच्या नावात तो दाखवला तर कुठलं तरी सॉफ्टवेअर अडतंच.

आवाजाचं तंत्र वेगळं. साऊंडवाल्याला एएएफ जातं, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पाच सेकंदांची जादा शेपूट ठेवून, म्हणजे पायपेटीचा सूर कटवर तुटला असेल तर त्याला तो लांबवता येतो. पूर्वी ओएमएफ मागायचे. त्याची मर्यादा दोन जीबी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे 518 एमबी घेतो, म्हणजे चार ट्रॅक तासभर चालले की ओएमएफ जवळपास भरलंच. पेटी, पखवाज, झांज आणि नटांचे माइक धरले तर गणपतीची नांदीही पूर्ण मावायची नाही. फिल्म 01:00:00:00 ला सुरू होते आणि बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची ‘बीप’ असते. ती चित्राशी जुळली की सगळं जुळलं. सोबत टाइमकोड छापलेली हलकी रेफरन्स फाइल हवीच. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक ती शेजारी लावून बघितल्यावरच मिटल्या आहेत.

मालवणात बसून हे जमतं कसं, असं मुंबईचे लोक विचारतात. खरं तर यादीचं हे तंत्र कोकणासाठीच केल्यासारखं आहे. 1920 बाय 1080, 25 फ्रेमचं प्रोरेस एचक्यू तासाला सुमारे 83 जीबी होतं. पावसाळ्यातल्या आमच्या इंटरनेटवर तेवढं चढवायला घेतलं तर घाटावरचा ढग उतरून परत जाईल. म्हणून शूटिंग संपलं की फुटेजची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घालून कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने आमचा माणूस निघतो, सकाळी दादर. दोन्हीकडे फोल्डर तंतोतंत सारखे. त्यानंतर एडिट कितीही वेळा बदलू दे, पाठवायचं ते काही केबी-एमबीचं एक्सएमएल. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढ्यावर आम्ही बदललेला कट पाठवला. डिस्क आधीच मुंबईत होती.

दर ठरवताना अजून घासाघीस होते. “एक्सपोर्टचं बटण दाबायचे वेगळे पैसे?” एका ग्राहकाने ते वाचवायला स्वतःच बटण दाबलं. आठवड्याने सगळं प्रोजेक्ट आमच्याकडे आलं, सोबत कलरिस्टचा संतापलेला निरोप. त्याचे मी नेहमीचेच पैसे घेतले. दुप्पट घ्यायला हवे होते असं बायको म्हणते.

हल्ली सगळेच म्हणतात, रिझॉल्व्हमध्येच एडिट करा, रंग आणि आवाजही तिथेच होतो. बरोबर आहे. 2017 च्या आवृत्तीपासून त्यात फेअरलाइटचा आवाजाचा विभाग आहे, फुकटची आवृत्तीही भरपूर देते, आणि लग्नांची कामं आम्ही तशीच करतो. पण मोठ्या कामात एडिटर, कलरिस्ट आणि साऊंडवाला आपापल्या हत्यारावर अडून बसतात, आणि त्यांनी तसं बसावं असंच मला वाटतं. पिक्सारने 2017 मध्ये खुला केलेला ओपन टाइमलाइन आयओ हा यादीचा नवा प्रकारही आम्ही वापरून बघतोय. आमचा देवगडचा पोरगा त्याच्या मागे लागलाय, एक्सएमएल-ईडीएल इतका भरवसा मात्र माझा अजून बसलेला नाही.

नवं काम येतं तेव्हा एडिट सुरू होण्याआधी आम्ही मिनिटभराची खोटी टाइमलाइन बनवतो. तिच्यात त्या फिल्ममध्ये लागणारं सगळं असतं : एक डिझॉल्व्ह, एक बदललेला वेग, मोठा केलेला एक शॉट, मोबाइलची एक क्लिप, दोन माइक. ती कलरिस्ट आणि साऊंडवाला दोघांकडे जाते. दोघांनी उघडून ‘आलं’ असं कळवलं की मग मुलं फुटेज लावायला घेतात.