उगवतीची फळी

मंगळवार, रात्री

चकल्यांचा घाणा कढईत होता आणि आई बाहेरून म्हणाली, "रव्याचा डबा उगवतीच्या फळीवर ठेवलाय बघ." हातात झारा धरून मी नुसती उभी राहिले. या घरात अकरा वर्षं राहतेय. ओट्यावरची फळी, सिंकवरची फळी, फ्रिजवरची फळी, सगळ्या माहीत आहेत. उगवतीची फळी मात्र मला कधी भेटली नव्हती.

मग डोकं चालवलं. सकाळी पोळ्या लाटताना ऊन खिडकीतून थेट परातीत येतं, म्हणजे उगवत खिडकीकडे. खिडकीजवळच्या फळीवर शोधलं तर तिथे चहा-साखर आणि मागच्या दिवाळीच्या पणत्या. रवा सापडला फ्रिजवरच्या फळीवर. ती तर उत्तरेला.

आई चुकली? आईचं काहीही चुकेल, पण दिशा चुकायची नाही. माण तालुक्यातल्या आमच्या घरात सगळ्या वस्तूंचे पत्ते असेच असायचे. मावळतीची खोली, दक्षिणेकडचं कोनाडं, उगवतीचा बांध. लहानपणी चुलीजवळ बसलेल्या मला ती म्हणायची, "जरा मावळतीला सरक, धूर लागतोय." आणि मी सरकायचे. तेव्हा मला ते कळत होतं. कधीपासून कळेनासं झालं, ते आठवत नाही.

बुधवार, सकाळी

चार दिवस परतीच्या पावसाचं आभाळ होतं, ते आज फाटलं. साडेसहाला स्वयंपाकघरात आले तर आई खिडकीचा गज धरून उभी. चेहरा असा, की मी घाबरलेच. म्हटलं, डोळ्याला काही झालं की काय. मोतीबिंदूच्या तपासणीसाठीच ती आली आहे.

"अगं, सूर्य दक्षिणेला उगवलाय."

मग उलगडा झाला. रविवारी तिला घेऊन आले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन वळणं घेऊन उतरली, तिथून लिफ्ट, लिफ्टमधून पाठमोरं बाहेर. तिच्या मनातली उगवत या सगळ्यात काटकोनात फिरली आणि थेट फ्रिजवर जाऊन बसली. तीन दिवस ती एका वेगळ्याच घरात राहत होती. आज सूर्याने ते घर गर्रकन फिरवलं. तिला खरोखर गरगरलं, खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. रानात माणसाला चकवा लागतो म्हणतात. तिला तो सातव्या मजल्यावर लागला होता.

पाणी पिऊन झाल्यावर पहिला विचार तिने केला तो अंथरुणाचा. उगवतीकडे उशी म्हणून तिने जी बाजू धरली होती ती निघाली उत्तर. म्हणजे तीन रात्री ती दक्षिणेकडे पाय करून झोपली! "तरीच मला झोप लागंना," म्हणाली. रविवारपासून मी तिचं घोरणं ऐकतेय, पण बोलले नाही.

मला यात गंमत वाटत होती, आणि थोडी लाजही. मला तीन दिवसच काय, तीन वर्षं चुकीची दिशा दाखवली असती तरी झोपमोड झाली नसती. मला दिशा लागतच नाहीत. फोनमधली बाई "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणते, मी वळते. उत्तर म्हणजे माझ्या लेखी शाळेतल्या नकाशाची वरची बाजू. भूगोलात शिकवलं होतं की उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. म्हणजे आधी हात ओळखायचे, मग त्यांच्यावरून दिशा. आईचं उलट आहे. परवा डोळे तपासताना तिथल्या मुलीने "आजी, डावीकडे बघा" म्हटलं तेव्हा ती क्षणभर थबकली. जेवायचा हात कुठला ते मनात पाहून मग दुसरीकडे बघितलं.

गुरुवार, उशिरा

झोप येत नाही, म्हणून लिहितेय. एम.ए.ला मानसशास्त्र होतं, त्यातलं फारसं काही उरलेलं नाही, पण आज एक गोष्ट वर आली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तर भागात होपव्हेल नावाची वस्ती आहे. तिथल्या आदिवासींची भाषा गूगू यिमिथिर. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज त्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा त्यांच्या बोलीतूनच 'कांगारू' हा शब्द इंग्रजांनी उचलला. या भाषेत जागा सांगायला डावं-उजवं वापरत नाहीत. "तुझ्या पायाच्या उत्तरेला मुंगी आहे," असं बोलतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलँड आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तिथल्या एका गृहस्थाची होडी उलटल्याची हकीकत दोन वर्षांच्या अंतराने टिपून ठेवली. पहिल्यांदा तो पश्चिमेकडे तोंड करून बसला होता, दुसऱ्यांदा उत्तरेकडे. होडी कशी उलटली ते दाखवताना त्याचे हात दोन्ही वेळा वेगळ्या अंगाने फिरले, कारण समुद्रातली होडी खरोखर ज्या दिशेने उलटली होती ती दिशा त्याने सोडली नाही. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात सगळे हसले होते. मीही. माझी आई शंभर मैलांवर मावळतीला सरकत बसलेली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, तो मी आज घरी करून पाहिला. टेबलावर खेळण्यातले तीन प्राणी एका रांगेत मांडायचे, माणसाला ते नीट लक्षात ठेवायला लावायचे, मग पाठीमागच्या दुसऱ्या टेबलाकडे वळवून म्हणायचं, "आता इथे तसेच मांड." हॉलंडमधली माणसं डावं-उजवं सांभाळतात. मेक्सिकोच्या चियापास डोंगराळ भागातले त्सेल्ताल लोक चढ-उताराची दिशा सांभाळतात, म्हणजे आपल्या नजरेला रांग उलटी होते.

लेक सातवीत आहे. तिचा जुना प्लास्टिकचा हत्ती, घोडा आणि उंट माळ्यावरून काढले. जेवणाच्या टेबलावर तिघांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि लेकीला ओट्याकडे वळवलं. तिने खटाखट मांडले, तिघांची तोंडं तिच्या उजवीकडे, म्हणजे दाराकडे. मीही तसेच मांडले असते. मग आई. तिने हत्ती उचलला, क्षणभर थांबली, आणि तिघेही खिडकीकडे निघाले. वर लेकीला म्हणाली, "तुझे उलटे झाले की गं पोरी. मघाशी सूर्याकडं चालले होते, आता घराबाहेर निघाले."

मला काय आनंद झाला! आमच्या घरातच होपव्हेल. लगेच दुसऱ्यांदा मांडायला सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला कुठली पद्धत पायजे? तसेही येतात मला."

इथे माझ्या प्रयोगाची हवा गेली. पण खरं सांगायचं तर याच जागेवर जाणत्यांचंही भांडण झालेलं आहे. २००२ मध्ये पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी दाखवलं की अमेरिकी विद्यार्थीही, खोलीचे पडदे उघडे आहेत की बंद, बाहेरचं ओळखीचं काही दिसतंय की नाही, यानुसार कधी या तर कधी त्या पद्धतीने मांडतात. लेव्हिन्सन यांना ते पटलं नाही, त्यांनी उत्तर दिलं. आमच्या स्वयंपाकघरात तर आईसमोर खिडकी होती आणि तीन दिवसांचा राग होता. माझ्या प्रयोगाला प्रयोग म्हणणंच जास्तीचं.

तरी माझा किडा वेगळाच आहे. भाषा माणसाला असं बघायला लावते, असं म्हणायचं तर आई मराठी बोलते, मीही मराठीच बोलते. उगवत, मावळत, पूर्व, डावं, उजवं, सगळे शब्द दोघींकडे आहेत. तिच्या डोक्यात सतत एक होकायंत्र चालू असतं आणि माझ्या डोक्यात नाही, मग फरक पडला कुठे?

बनारसमध्ये यावर काम झालं आहे. तिथल्या विद्यापीठातले रमेश मिश्रा आणि जिनिव्हाचे पिएर दासेन यांनी मुलांना घेऊन वर्षानुवर्षं असे खेळ खेळले. बाली, नेपाळ, बनारस आणि तुलनेला जिनिव्हा. बनारसमध्ये एका बाजूला हिंदी शाळेतली मुलं, दुसऱ्या बाजूला संस्कृत पाठशाळेतली. घरी दोघांची भाषा हिंदीच. पण पाठशाळेतल्या पोरांचा दिवस दिशांवर बसवलेला असतो. अर्घ्य कुठे, संध्या कुठे, कुणाकडे पाठ करायची नाही. दिशांचं भान या मुलांमध्ये कितीतरी जास्त निघालं. डोळे बांधून, फिरवून, दुसऱ्या खोलीत नेल्यावरही त्यांतल्या काहींना पूर्व कुठे ते सांगता येत होतं. (तळघरातली पार्किंग आणि लिफ्ट त्यांनी वापरून पाहायला हवी होती.)

म्हणजे शब्द असून भागत नाही, ते दिवसातून वीस वेळा अंगाला लागावे लागतात. आईच्या अंगाला ते लागले. दिव्याची वात दक्षिणेकडे नको. आईबाप असेतो दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नाही. खळ्यावर वावडीवर उभं राहून उफणायचं तर वारा कुठून येतोय ते आधी कळायला हवं, नाहीतर भुसा आपल्याच डोळ्यांत. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा, पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस ओढा. आणि त्या एका ओळीवरून भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद. सकाळी उठून लोटा घेऊन जायचं त्यालाही जुनी माणसं दिशेलाच जाणं म्हणत. हे सगळं रोज, न बोलता, कुणी धडा न देता. यातली कुठलीच गोष्ट मी माझ्या लेकीला करायला लावलेली नाही. दक्षिणेच्या भीतीबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही, ती गेली ते बरंच. पण नको असलेलं टाकताना त्याला चिकटलेलं काय काय गेलं, ते बघितलंच नव्हतं.

आणि मजा बघा. दक्षिण या शब्दाचा संस्कृतात एक अर्थ 'उजवा' असाच आहे. पूर्व म्हणजे पुढचा, पश्चिम म्हणजे मागचा. उगवतीकडे तोंड करून उभा राहिलेला कुणीतरी माणूस या शब्दांत कायमचा उभा आहे. देवाला उजवीकडे ठेवून फिरायचं म्हणून प्रदक्षिणा. शब्द तयार करणाऱ्याने स्वतःचं शरीर दिशांना जोडून ठेवलं होतं. मी शरीर तेवढं घेतलं, दिशा तिथेच सोडल्या.

२०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन या तिघांचा एक लेख आला होता. मानसशास्त्राच्या मोठमोठ्या नियतकालिकांतल्या प्रयोगांना बसलेली जवळपास ९६ टक्के माणसं अशा पाश्चात्त्य, सधन देशांतली होती जिथे जगाची फक्त १२ टक्के वस्ती आहे, हा हिशेब त्यांनी पुढे ठेवला. तेव्हा मी तो तावातावाने वाचला होता. बघा, हे लोक स्वतःवरून सगळ्या जगाला मोजतात. आज वाटलं, पुस्तकात 'माणूस जागा अशी लक्षात ठेवतो' असं वाचताना मी बिनबोभाट मान डोलावली होती, कारण तो माणूस माझ्यासारखा होता. आईसारखा नव्हता, आणि ते मला खुपलं नाही.

शुक्रवार

आज काही विशेष नाही. शेजारच्यांकडे वास्तूवाले गृहस्थ आले होते, हातात पितळी होकायंत्र. स्वयंपाकघर आग्नेयेला नाही म्हणून कुठेतरी तांब्याची पट्टी ठोकायला सांगून गेले. आईने विचारलं, "किती घेतले?" आकडा ऐकून म्हणाली, "एवढ्यात दिशा विकत मिळते व्हय?" लेकीने तिला नीट विचारून फ्रिजवर खडूने उत्तरेचं 'उ' लिहिलं आहे. मी पुसलेलं नाही.

शनिवार, धनत्रयोदशी

वर्षभर दिव्याची वात दक्षिणेकडे करायची नाही, फक्त आज करायची. यमासाठी दिवा. गेली अकरा वर्षं मी तो लावलाच नाही. आईने कणकेचा दिवा केला, तेल घातलं आणि आम्ही तिघी दार उघडून पॅसेजमध्ये आलो.

लेकीने फोनवर होकायंत्र उघडलं. लिफ्टशेजारी लोखंड आहे म्हणून की काय, काटा भिरभिरायला लागला, एकदा जिन्याकडे, एकदा आमच्याच दाराकडे. ती फोन आठच्या आकड्यासारखा हवेत फिरवत राहिली. तेवढ्यात आईने खाली बसून दिवा ठेवलाही. वात शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटाकडे.

"आजी, थांब ना, अजून नक्की कळलं नाही."

"तुझ्या मोबाईलला कळंल तवा कळंल," आई म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता माझ्याकडे वळली. "तू सांग. बरोबर हाय का?"

मी डोळे मिटले. खिडकी, परातीतलं ऊन, फ्रिजवरचा 'उ', तिथून दार, दारातून पॅसेज. सगळं एकेक करून फिरवावं लागलं, लहान मुलासारखं. बराच वेळ लागला. दोघी थांबल्या होत्या.

"अगदी नाही," मी म्हटलं. "जरा मावळतीला गेलाय."

आईने परत खाली वाकून दिवा बोटभर सरकवला.