तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिक्टोरिया धबधबा झांबियातून बघावा की झिम्बाब्वेतून?

व्हिक्टोरिया फॉल्सला निघालेले बहुतेक जण हेच विचारतात: मुक्काम झांबियातल्या लिव्हिंगस्टनला करू, की पलीकडे झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावात? त्यावर आमचा उलट प्रश्न असतो: मे महिन्याच्या सुट्टीत जाताय की दिवाळीच्या? सगळं उत्तर त्यावरच ठरतं, कारण या दोन सुट्ट्यांमध्ये दिसणारे धबधबे अगदीच वेगळे असतात.

आपल्याकडे आंबोलीत पाऊस कोसळला की त्याच दिवशी धबधबा फुगतो. हा धबधबा ज्या नदीवर आहे त्या झांबेझीचं तसं नाही. लिव्हिंगस्टनचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण नदीचं बरंचसं पाणी येतं वायव्य झांबिया आणि अंगोलातून, आणि वाटेत बारोत्सेच्या सपाट पूरमैदानावर पसरून ते आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. म्हणून गावातला पाऊस संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास, नदी सर्वांत भरलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती सर्वांत आटते.

दुसरी गोष्ट कड्याची. धबधबा १,७०८ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त १०८ मीटर उंच. नदी एका आडव्या, अरुंद घळीत पडते आणि आपण घळीच्या समोरच्या काठावर, जवळजवळ त्याच उंचीवर उभे असतो. हा कडा सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला, झिम्बाब्वेच्या टोकाशी असलेल्या डेव्हिल्स कॅटरॅक्ट या धबधब्याच्या भागापाशी तो सखल आहे, त्यामुळे पाणी कमी झालं तरी तिथलं पडणं थांबत नाही. पूर्वेचा, झांबियातला ईस्टर्न कॅटरॅक्ट मात्र सर्वांत आधी सुकतो. शिवाय झांबियाचं १०८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र त्याच बाजूला वरून पाणी घेतं. एप्रिलमधले फोटो बघून दिवाळीत लिव्हिंगस्टनचं बुकिंग करणाऱ्यांना मग समोर काळ्या बसाल्टची कोरडी भिंत दिसते. हिरमोड होतो तो इथेच.

तेव्हा दिवाळीत जाणार असाल तर धबधब्यासाठी झिम्बाब्वेची बाजू नक्की धरा. तिथल्या धबधब्याच्या उद्यानाचं तिकीट झांबियाच्या दुपटीहून महाग आहे, तरी ते वाचवू नका. समोरून दिसणारा बहुतेक धबधबा त्याच बाजूने दिसतो. या दिवसांत उन्हाचा कडाका असतो, म्हणून गेट उघडताच आत शिरा. झांबियाच्या बाजूला तेव्हा वेगळ्या गोष्टी करता येतात: लिव्हिंगस्टन बेटावरून कड्याच्या अगदी टोकाशी असलेल्या 'डेव्हिल्स पूल' या नैसर्गिक डोहात उतरणं (साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाण्याच्या अंदाजाने आणि वाटाड्याबरोबरच), किंवा खालच्या घळीत राफ्टिंग. राफ्टिंगनंतर घळीतून वर चढून यावं लागतं. ती चढण चांगलीच दमवते, गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

मे महिन्यात दोन्ही बाजू उत्तम असतात, पण अडचण उलटी होते: तुषार इतके दाट की मधल्या भागात समोरचा धबधबाच दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जा. झांबियातल्या नाइफ एज पुलावर पाणी वरून तर पडतंच, पण घळीतून वाऱ्याबरोबर खालूनही वर येतं. छत्री निरुपयोगी. गेटपाशी रेनकोट भाड्याने मिळतात. ते घ्या, पायात मागे पट्टा असलेले सँडल घाला, मोबाईलला वॉटरप्रूफ पाऊच लावा. पासपोर्ट आधी झिपच्या पिशवीत टाका, कारण अनेक जण भिजल्या अंगाने तसेच सीमेकडे जातात आणि ओला पासपोर्ट काउंटरवर मोठी डोकेदुखी होते.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी ठेवा: सकाळी पश्चिमेकडे बघा, दुपारनंतर पूर्वेकडे. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री उद्यान उघडं ठेवतात आणि चंद्रप्रकाशातलं धनुष्य दिसतं. त्यालाही तुषार लागतात, म्हणून एप्रिल ते जुलै. डोळ्यांना ते फिकट, जवळजवळ पांढरं दिसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर काही सेकंद उघडं ठेवलं की रंग उमटतात. सुट्टीच्या तारखा हातात असतील तर पौर्णिमा गाठाच.

दोन देशांच्या चौक्यांमध्ये १९०५ सालचा पूल आहे, नदीपासून १२८ मीटर उंच. नुसता पूल बघायचा तर चौकीवर ब्रिज पास मागा. पलीकडे जाऊन परत यायचं असेल तर मात्र एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, आणि हे लोकांच्या लक्षात येतं ते परतताना. दोन्ही देशांसाठी मिळून काझा युनिव्हिसा आहे, पण तो सगळ्या पासपोर्टांना मिळत नाही. भारतीय पासपोर्टचे त्या वेळचे नियम दोन्ही देशांच्या इमिग्रेशनच्या वेबसाइटवर तिकीट काढण्याआधी बघा. चोबे राष्ट्रीय उद्यानातले हत्ती बघायला एका दिवसासाठी बोट्स्वानात जाणार असाल तर तिथला नियमही वेगळा बघावा लागेल.

मुंबईहून जाताना बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावं लागतं. इथिओपिया आणि केनिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. थांबा लांबला, हॉटेलसाठी विमानतळाबाहेर पडलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना वेळेवर विचारा. काही गोळ्या परतल्यावर ७ दिवस, काही ४ आठवडे घ्याव्या लागतात, आणि घरी आल्यावर त्या मध्येच सोडणं धोक्याचं आहे.

लिव्हिंगस्टन धबधब्यापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. त्या रस्त्यावर संध्याकाळनंतर हत्ती येतात, तेव्हा अंधारात पायी निघू नका, टॅक्सी करा. उद्यानात खाण्याची पिशवी हातात दिसली की बबून (मोठी माकडं) ती ओढून नेतात. खाणं बॅगेत, चेन लावून. झिम्बाब्वेत डॉलरच्या छोट्या नोटा जवळ ठेवा, सुट्टे मिळत नाहीत. झांबियात क्वाचा चालतो.

शाकाहारींनी लिव्हिंगस्टनला न्शिमाबरोबर इफिसाशी मागावी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हाताने तोडायचा आणि भाजीत बुडवून खायचा. ऑर्डर देताना "कापेंटा नको" एवढं आवर्जून सांगा. ते बारीक सुके मासे असतात.