मासळीच्या गाडीची चासी: गंजाआधी मीठ काढलं

माझी जुनी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाट चढून कोल्हापूरला मासळी नेते. क्रेटमधला बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी बॉडीच्या फळ्यांमधून थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, झिरपतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, असतं. त्यामुळे बहुतेक जण पासिंगच्या तोंडावर काळा रंग मारून मोकळे होतात. या खेपेला मात्र मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ (स्प्रिंग चासीला जिथे टांगलेली असते तिथे) हात लावला तर पापुद्रेच सुटून आले.

खरं तर सोयीचा काळ जून-जुलै. मासेमारी बंद, गाडी दारात उभी. पण आमच्या पावसाळी हवेत रंग धरणार कसा? म्हणून मे महिन्यातलं भाडं सोडलं.

बॉडी चासीला आवळून धरणारे यू बोल्ट सोडून बॉडी चेन-पुलीवर उचलली. चासी आणि बॉडीच्या मधल्या लाकडी पट्ट्या उन्हाळ्यातही ओल्या होत्या, आणि खरा गंज त्यांच्याखालीच होता. बाहेरून दिसतो तो काहीच नाही. हातोडीने ठोकत गेलं की कळतं: चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. एक क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) असा बद्द निघाला, तो बदलला. वर पत्रा वेल्ड करून भागवा, असं सांगणारे भेटतातच. लाँग मेंबरच्या (चासीच्या लांब उभ्या तुळईच्या) वरच्या-खालच्या कडेला तर वेल्डिंग नकोच. ताण तिथेच जास्त येतो आणि तडा वेल्डच्या शेजारून सुरू होतो.

मी ग्राइंडर हातात घेतला तसा मिस्त्री म्हणाला, "दादा, तो नंतर. आधी पाणी."

त्याचं बरोबर होतं. मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. ते आत ठेवून कितीही भारी रंग मारा, तो आतून फुगतो. आधी डिझेलने ग्रीस काढलं, मग साबण, मग विहिरीच्या गोड्या पाण्याचा जोरदार फवारा. पापुद्रे टाकणीच्या हातोडीने पाडले, ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून घासलं, आणि परत धुतलं. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी नारिंगी ठिपके उमटले की समजायचं, मीठ अजून आहे. ठिपके कमी होईपर्यंत आम्ही हेच करत राहिलो. कंटाळवाणं काम, पण सगळं यश इथेच आहे. (चष्मा लावाच, ब्रशच्या तारा तुटून उडतात.)

चासी नंबरावर मात्र ग्राइंडर फिरवायचा नाही. तो झिजला तर पासिंगला पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने उमटवलेला ठसा) कशाची देणार? तिथे हाताने हलकं घासून नुसतं ग्रीस लावलं.

खड्ड्यांत जो चिकट गंज उरला, त्याला फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्याने गंज घट्ट होऊन काळा पडतो. सुट्या पापुद्र्यांवर मात्र ते फुकट जातं. उरलेलं ॲसिड धुऊन चासी कडक उन्हात वाळवली.

रेड ऑक्साइड, म्हणजे नेहमीचं तांबडं प्रायमर, स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यापुढे एकटं टिकत नाही. मी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घेतला, ज्यात दुसऱ्या डब्यातलं हार्डनर मिसळावं लागतं. सकाळचं दव उडाल्यावर, लोखंड कोमट असताना दोन हात मारले. रिव्हेटच्या कडा आणि कोपरे आधी ब्रशने भरले, कारण स्प्रेचा रंग कडेवर पातळ बसतो. वरून काळा चासी पेंट.

डांबरी अंडरकोटिंग मी टाळलं. त्याला चीर पडली की पाणी आत अडकतं आणि वरून काही दिसत नाही. जळकं ऑइल फवारायची आपल्याकडची रीतही वाईट नाही, पण ते ब्रेकवर आणि रबरी बुशांवर जाता कामा नये. जिथे ब्रश पोचत नाही, अशा दोन पत्र्यांमधल्या फटींत मी मेणाचा स्प्रे सोडला.

बॉडी बसवताना लाकडी पट्ट्यांखाली रबर घातलं. फळ्यांवर पत्रा टाकून कडा बंद केल्या आणि बर्फाचं पाणी पाइपने खालच्या टाकीत घेतलं; एरवीही ते घाटात सांडलं की मागचे दुचाकीवाले घसरतात. टाकी बंदरावर परतल्यावर रिकामी करायची आणि त्याच वेळी चासीवर गोड्या पाण्याचा पाइप मारायचा, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. तो कुरकुरतो, पण मारतो.