बाबांचा भाडेकरू

जानेवारी उजाडला की आमच्या ऑफिसात 'प्रूफ जमा करा' असा मेल यायचा आणि त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी बाबांसमोर कोरी भाडेपावती ठेवायचो. दादरचं घर बाबांच्या नावावर. मी जन्मापासून तिथेच राहतो, पण आयकर खात्याच्या लेखी त्यांचा भाडेकरू. एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची, करवजावट मिळायची तर घरमालक हवा, आणि मुंबईत बापापेक्षा परवडणारा घरमालक कुठे मिळतो?

पहिल्या वर्षी मी भाडं सुचवलं 8,333 रुपये. हा आकडा नोकरदाराला समजावून सांगावा लागत नाही. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. 8,333 गुणिले बारा म्हणजे 99,996. चार रुपयांनी अब्रू वाचते. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. "पॅन लपवायला मी काय चोर आहे?" म्हणाले आणि भाडं 9,000 केलं. वर, "पागडी मागत नाहीये हे उपकार समज."

तेव्हापासून दर एक तारखेला खरोखरच पैसे त्यांच्या खात्यात जायला लागले. रेव्हेन्यू स्टॅम्प पाच हजारांवरच्या रोख पावतीला लागतो, खात्यात भरलेल्या पैशांना नाही, हे मी त्यांना नेटवर दाखवलं. पण बाबांचा नेटपेक्षा पोस्टावर विश्वास. एक रुपयाचे बारा स्टॅम्प आणायचे, जिभेवर ओले करून चिकटवायचे आणि अर्धी स्टॅम्पवर, अर्धी कागदावर अशी सही ठोकायची. त्याआधी माझी पगाराची स्लिप तपासायचे. भाडेकरूची ऐपत बघायला नको?

त्या स्लिपांतच त्यांना फेब्रुवारी सापडला. व्यवसाय कर दरमहा 200, फेब्रुवारीत मात्र 300! अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला जास्त? बाबांनी कागदावर गुणाकार केला. राज्यघटनेनं या कराला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे. बारा महिन्यांचे होतात 2,400. उरलेले शंभर सरकारनं सोडले नाहीत, सगळ्यात लहान महिन्याच्या गळ्यात बांधले. "माणूस बँकेतलाच असणार," बाबा कौतुकानं म्हणाले.

खरी गंमत त्यांच्या विवरणपत्रात होती. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती-देखभालीच्या नावानं सरसकट 30 टक्के वजावट मिळते, मग एक रुपया खर्च केलेला नसला तरी. हे मला कळलं त्या पावसाळ्यात आमच्या मोरीतला नळ गळत होता. टप, टप, रात्रभर.

"घरमालक, नळ बदला. सरकार तुम्हाला तीस टक्के देतंय."

"भाडेकरूनं नळ जपून सोडावा."

"पाचशे फुटांच्या आतलं घर, 2022 पासून मालमत्ता करही माफ झालाय तुम्हाला. मग भाडं तरी कमी करा."

"तो कर तू भरत होतास का?"

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मी कोण मग? पोटभाडेकरू?" यावर दोन्ही पक्ष गप्प बसले. नळाला चिंधी बांधली गेली.

नवी करप्रणाली 2020 पासूनच आली होती, पण मी जुनीतच होतो. 2025 च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर शून्य झाला आणि मी जुनीला रामराम ठोकला. नव्यात एचआरएची वजावट नाही, म्हणजे भाडेपावतीही नको. बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

एक तारखेला संध्याकाळी ते पासबुक घेऊन आले. "भाडं जमा नाही झालं रे."

मी नवी करप्रणाली समजावली. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कपाटातून उरलेले स्टॅम्प काढले, मोजले, परत ठेवले.

"म्हणजे यापुढे तू भाडेकरू नाहीस."

"नाही."

"घरचाच."

"हो."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मग तो नळ आता तूच बदल."