नोव्होरोसिस्क आणि क्रिमिया : एकाच वर्षातल्या दोन माघारी

रशियन यादवी युद्धात १९२० साली श्वेत सैन्याला, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधकांना, काळ्या समुद्रावरून दोनदा मोठी माघार घ्यावी लागली. मार्चमध्ये त्यांचा सेनापती डेनिकिन याच्या फौजा नोव्होरोसिस्कला पोचल्या तेव्हा सगळा भार एकाच बंदरावर होता. जहाजं कमी होती आणि कोणती तुकडी कुठल्या जहाजात चढणार, हे नीट ठरलेलंच नव्हतं. धक्क्यावर जो आधी पोचला, तो चढला. मागे राहिले ते मुख्यतः डॉन कॉसॅक, म्हणजे डॉन नदीकाठचे घोडेस्वार लढवय्ये. घोडे तर जवळपास सगळेच सोडावे लागले. कॉसॅकला घोड्यावरून उतरवणं म्हणजे त्याचं अर्धं बळ काढून घेणं. हजारो सैनिक बोल्शेविकांच्या लाल सैन्याच्या हाती लागले.

नोव्हेंबरमध्ये डेनिकिनच्या जागी आलेल्या रँगेलने क्रिमिया सोडला, तो मात्र तयारीनिशी. जहाजं आणि कोळसा यांची तजवीज आधीच सुरू होती. माणसं पाच बंदरांत वाटली: जनरल कुटेपोव्हच्या तुकड्या सेवास्तोपोलला, घोडदळ याल्टाला, कुबानचे कॉसॅक फिओदोसियाला, डॉनचे केर्चला, शिवाय एव्पातोरिया. सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे तुकड्यांनी शत्रूशी संपर्क तोडून झपाट्याने बंदर गाठलं. पाठलाग करणारे अंगावर असतील तर जहाजावर चढणं होतच नाही, पिछाडीची तुकडी हमखास अडकते. सुमारे १२६ जहाजांतून जवळपास १,४५,००० माणसं कॉन्स्टँटिनोपलकडे (आजचं इस्तंबूल) निघाली. ‘झिवॉय’ ही विनाशिका तेवढी वादळात बुडाली.

जे स्वतःहून मागे राहिले, त्यांतल्या हजारोंना पुढच्या काही महिन्यांत गोळ्या घातल्या गेल्या.